पावणेदहा सर

परतवाड्यात तुमचं उत्पन्न किती, गाव कोणतं, मत कोणाला, हे विचारणारे पुष्कळ भेटतील. सरांना यातलं काहीच नको असतं. तुम्ही चालता कसे, वाकता कसे, बसलेले उठता कसे, एवढंच ते बघतात आणि दहापैकी मार्क देतात. न मागता देतात. जयस्तंभ चौकाजवळ चहाच्या टपरीवर सकाळी बाकाच्या टोकाला त्यांची बैठक असते. मांडीवर लाल पुठ्ठ्याची लांबट वही, किराणा दुकानात उधारी मांडायला असते तसली. शाळेची पोरं, बँकेचे साहेब, भाजीवाल्या, चिखलदऱ्याच्या जीपला लटकलेले पर्यटक, सगळे समोरून जातात आणि पहिला कप संपायच्या आत डझनभर लोकांचा निकाल लागलेला असतो.

खरं नाव पेन्शनच्या पुस्तकात आहे. गाव त्यांना पावणेदहा सर म्हणतं, कारण पावणेदहाच्या वर त्यांनी कधी कोणाला मार्क दिले नाहीत. एकदा टपरीवाल्यानं विचारलं, "सर, पाव मार्कानं तुमचं काय जाते? द्या ना एखाद्याले पुरे दहा."

"दहा देवाचे," सर म्हणाले. "मानसाची धाव पावणेदहापर्यंत. तुही तं साडेपाचावरच अडून राह्यली. गाळणी पिळताना कोपर पाह्य कुठी चाललं ते."

वहीत नावं नसतात, फक्त धंदे असतात. काही नोंदी अशा:

झेरॉक्सवाला. सव्वापाच. डावा पाय फेकतो. चपलेला दोष देईल. दोष कमरेत आहे.

बँकेचे नवे साहेब. साडेचार. मान पुढे, पोट त्याच्याही पुढे, पाय मागून सावकाश.

दूधवाला. आठ. दोन्ही हातांत कॅन, खांदे समपातळीत. सायकलवर टांग टाकताना अर्धा कापला.

नगरपालिकेचा उमेदवार. दोन. हात जोडून चालतो, खाली पाहत नाही. नाली दिसली नाही.

मार्क देण्याची रीत अशी की प्रत्येक माणूस चौकात पाऊल टाकतो तेव्हा दहावर असतो. मग कापाकापी सुरू होते. किरकोळ चुकीला थोडे, मध्यमला जरा जास्त, मोठीला अर्धा, आणि पडलात तर सरळ एक. ही रीत सरांच्या घरची नाही. जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत मांडणी नेटकी झाली की नाही हे असंच दहातून वजा करत ठरवतात. फरक इतकाच की तिथे खेळाडूनं स्पर्धेत नाव दिलेलं असतं. इथे माणूस कोथिंबीर आणायला निघालेला असतो.

सरांचं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. वऱ्हाडातल्या कोणत्याही शाळेत पीटीचे सर कुठले म्हणून विचारलं तर उत्तर बहुधा तिथलंच मिळतं. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं तेव्हा मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले होते. सर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मले. पण सांगताना "आमी बर्लिनले गेलो तवा" अशीच सुरुवात करतात, आणि ऐकणारा नवखा असेल तर वाटेत बोट लागल्याचंही सांगतात.

मंडळातून निघाले ते मल्लखांब अंगात भिनवूनच. पुढे शाळेत पीटी शिकवली आणि जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून जायला लागले. मल्लखांबाचा पंच होणं म्हणजे नजरेचा छळ असतो. पोरगा दसरंग मारून वर चढतो, तोलावर थांबतो, सुईदोरा काढून निघतो, आणि दीड मिनिटाच्या आत हे सगळं आटोपतं. तेवढ्यात पायाचा चवडा ताणलेला होता का, गुडघा वाकला का, उतरताना तोल गेला का, हे टिपून आकडा लिहायचा. सरांची नजर अशी तयार झाली आणि निवृत्तीनंतर तिला काम उरलं नाही. शाळेनं निरोप दिला, शाल दिली, नारळ दिला. नजर मात्र परत मागून घेतली नाही. मग ती सगळी गावावर आली.

पावणेदहाच्या मागे एक इतिहास आहे. १९७६ साली मॉन्ट्रिअलच्या ऑलिम्पिकमध्ये चौदा वर्षांच्या जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला पैकीच्या पैकी दहा मिळाले. गुणफलकाला दहा दाखवायची सोयच केलेली नव्हती, त्यामुळे तिथे १.०० असा आकडा उमटला. सगळ्या जगाला फलकाचं हसू आलं. सरांना तोच एकटा शहाणा वाटतो. "मशीनले समजे, दहा देत नसतात म्हनून," असं ते अजूनही म्हणतात. पुढे २००६ साली जिम्नॅस्टिक्सच्या महासंघानं ती दहाची चौकटच मोडली. कसरत किती अवघड, याचे मार्क वेगळे केले आणि ती किती नेटकी झाली, याचे दहातून वेगळे. सरांनी बातमी कापून वहीत चिकटवली आणि टपरीवर स्वतःच्या पैशानं चहा पाजला. मात्र बातमीतली अर्धीच गोष्ट त्यांनी उचलली. नेटकेपणाचे मार्क घेतले, अवघडपणाचे सोडून दिले. पोतं घेऊन चालणारा आणि मोबाईल घेऊन चालणारा, दोघं एकाच मापानं मोजले जाऊ लागले. ही खोट पुढे त्यांना महागात पडली. ते सांगतोच.

एकच दिवस असा उजाडला की सरांनी कोणाचेच मार्क कापले नाहीत. १४ ऑगस्ट २०१६च्या रात्री रिओच्या ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट दीपा कर्माकरनं प्रोडुनोव्हा नावाची अवघड उडी मारली. तिला १५.०६६ गुण मिळाले आणि ती चौथी आली; कांस्यपदक ०.१५नं हुकलं. सर रात्रभर येरझाऱ्या घालत होते. सकाळी टपरीवर येऊन बसले, पण वही उघडली नाही. झेरॉक्सवाला डावा पाय फेकत समोरून गेला. सरांनी मान फिरवली. "शून्य पूर्णांक पंधरा," ते पुटपुटले, "आपन लोकाइचे असेच कापतो बापा." हे वैराग्य दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. सोळा तारखेला झेरॉक्सवाल्याचे थकलेल्या हिशेबासकट कापले गेले.

आमच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा सर चक्कर टाकायला आले. मिस्त्री विटा लावत होता. सर पाच मिनिटं गप्प उभे राहिले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. मग ते मिस्त्रीला सांगू लागले की अमेरिकेत गिलब्रेथ नावाचा एक माणूस होता, तरुणपणी स्वतः गवंडीकाम शिकलेला. त्यानं वीट लावायच्या अठरा हालचाली मोजल्या आणि त्यातल्या फालतू काढून पाचावर आणल्या. विटा कमरेइतक्या उंच मचाणावर ठेवल्या, म्हणजे प्रत्येक विटेपायी वाकणं नको. "तू आता किती करून राह्यला मालूम हाय? बावीस!" मिस्त्रीनं थापी खाली ठेवली, बिडी काढली, पेटवली, दोन झुरके घेतले आणि म्हणाला, "आता पंचवीस झाल्या." सर गेले आणि त्यांच्यामागोमाग मिस्त्रीही गेला. तो पुढल्या आठवड्यात उगवला. पण आला तेव्हा त्यानं मचाण बांधून घेतलं आणि विटा कमरेशी आणून ठेवल्या. सरांचं नाव मात्र त्यानं काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

पोलीस भरतीच्या पोरांचं आणि सरांचं नातं असंच आंबटगोड. पहाटे अंधारात धारणीच्या रस्त्यानं पोट्टे धावत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीला पन्नास मार्क: १६०० मीटरला वीस, १०० मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. पोरांना हा हिशेब हनुमानचालिसासारखा पाठ असतो. सर त्यांना टाच कशी टेकवावी, कोपर किती वाकवावं, मूठ किती सैल असावी ते शिकवतात. फुकट शिकवतात आणि थंडीत मफलर गुंडाळून हजर राहतात. पण भरतीचं घड्याळ कोपर बघत नाही. सरांकडून सव्वानऊ मिळवणारा एक पोरगा वेळेत बसला नाही. आणि ज्याला सरांनी साडेतीन दिले होते, "उंटाले भूत लागलं" असा शेरा मारला होता, तो आज वर्दीत चौकात उभा राहून वाहतूक सांभाळतो. येताजाता सरांना कडक सलाम ठोकतो. सर सलाम घेतात आणि वहीत लिहितात: सलाम सात, कोपर खाली.

मग पुण्याहून एक कागद आला. सरांचा एक जुना विद्यार्थी तिकडे फिजिओथेरपिस्ट झाला आहे. त्यानं गुरुदक्षिणा म्हणून सरांना हालचालींच्या चाचणीचा तक्ता पाठवला. ग्रे कुक आणि ली बर्टन या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी नव्वदच्या दशकात बसवलेली ही चाचणी. सात हालचाली: काठी डोक्यावर धरून खोल बैठक, अडथळा ओलांडणं, रेषेवर एक पाय पुढे टाकून बसणं, पाठीमागे दोन मुठी जवळ आणणं, उताणं झोपून सरळ पाय उचलणं, एक दंड, आणि रांगत्या अवस्थेत हात-पाय एकदम लांबवणं. प्रत्येकीला तीनपैकी मार्क, दुखलं तर शून्य, एकूण एकवीस. २००७ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंवरच्या एका अभ्यासात चौदा किंवा त्याखाली मार्क असलेल्यांना दुखापती जास्त झालेल्या दिसल्या, आणि चौदाचा आकडा जगभर गाजला.

सरांना काय, ढगातून गुरुमंत्र मिळाला. दोन वेळू आणि सुतळी घेऊन त्यांनी टपरीमागच्या मोकळ्या जागेत अडथळा उभा केला. काठी घरून कपडे वाळत घालायची आणली. गादीवाल्या शेठना सातावर रोखलं. न्हाव्याला अकरा. शिंप्याला बारा, कारण आयुष्यभर मशीनवर बसूनही त्याची मांडी मोकळी होती. मग पाळी आली अचलपूरच्या बाजार समितीतल्या एका हमालाची. बाप्या तुरीचं पोतं पाठीवर घेऊन हिंदकळणाऱ्या फळीवरून ट्रकमध्ये चढतो आणि चढता चढता खालच्याशी गप्पाही मारतो. त्याला मिळाले तेरा. पाठीमागे मुठी नेल्या तर दोहोंमध्ये वीतभर अंतर. बैठकीत काठी पुढे गेली. दंड मात्र असा मारला की धूळ उडाली.

"तेरा म्हंजे डेंजर," सर गंभीर झाले. "तुले इजा होऊ शकते."

हमालानं कपाळावरचा घाम पुसला. "सर, पाठ खाजवाचे पैसे कोनी देते का मले? पोतं उचलाचे देतात. शेठले सात देल्ले ना तुमी? जा, त्याइले फळीवर चढवा. मंग मार्क मोजू."

टपरीवर असा हशा पिकला की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. सर काही बोलले नाहीत. काठी उचलून घरी गेले आणि रात्री पुण्याला फोन लावला.

शिष्यानं सांगितलं की सर, त्या चौदाच्या आकड्याबद्दल पुढे पुष्कळ अभ्यास झाले आणि एका आकड्यावरून कोणाला इजा होईल हे नीट सांगता येत नाही, असंच बहुतेकांना आढळलं. तक्ता दोष शोधायला ठीक आहे, भविष्य सांगायला नाही. आणि मग त्यानं एका रशियन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९२०च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईननं कसलेल्या कामगारांच्या अंगावर बारीक दिवे लावून छिन्नीवर हातोडा मारताना त्यांची चित्रफीत घेतली. हातोडा दर वेळी अचूक छिन्नीच्या माथ्यावर. पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट प्रत्येक घावाला थोडी वेगळी! कसबी माणूस तीच हालचाल पुन्हा पुन्हा करत नसतो. तेच काम पुन्हा पुन्हा साधत असतो, आणि खांद्याची चूक कोपर सांभाळून घेतं, कोपराची मनगट.

ज्या माणसानं उभा जन्म पटांगणावर "एकसाथ, एकसारखं!" असं ओरडण्यात घालवला, त्याला हे पचायला किती जड गेलं असेल. सर दोन दिवस टपरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा वहीत पट्टीनं आखलेला एक नवा रकाना होता: "काम". महासंघाला २००६ साली जे सुचलं ते परतवाड्यात पोचलं. हमालापुढे नेटकेपणा सहा, काम साडेनऊ. शेठपुढे नेटकेपणा पाच, आणि कामाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

पण सुधारलेला माणूस जास्त घातक असतो, हे एका तेरवीला कळलं.

गावातले एक मोठे कंत्राटदार वारले. तेरवीला पंगती बसल्या, जमिनीवर सतरंज्या टाकून. वरण, भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. सर पहिल्याच पंगतीला. जेवता जेवता शेजारच्याला सांगू लागले की ब्राझीलमध्ये क्लाउडिओ अराउजो नावाचे डॉक्टर आहेत. त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं. बसायचे पाच मार्क, उठायचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला, की प्रत्येक टेकूला एक मार्क गेला. डळमळलात तर अर्धा. मग वर्षानुवर्षं मागोवा घेतला. आठ आणि त्यावरचे बहुतेक टिकले. तीन आणि त्याखालच्यांचं मरणाचं प्रमाण त्यांच्या पाचपट-सहापट निघालं. २०१२ साली हे छापून आलं.

हे सांगताना सरांचा आवाज पीटीचा, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. सगळ्या पंगतीनं ऐकलं. जेवणं उरकली, ताक पिऊन झालं, पण उठेना कोणीच. साठीच्या वरची पंचवीस-तीस माणसं पानांसमोर मांड्या घालून गप्प बसलेली. हात टेकवून उठावं तर सरांच्या डोळ्यांदेखत आयुष्य कमी होणार. न टेकवता उठावं तर गुडघे ऐकत नाहीत. दुसरी पंगत ताटकळत उभी. वाढपी पोरं बुंदीच्या बादल्या घेऊन येरझाऱ्या घालत होती आणि लोक नाइलाजानं आणखी बुंदी घेत होते. यजमान हात जोडून म्हणाले, "उठा बापा, मांगच्याइले भूक लागली."

शेवटी कोपऱ्यातून एका मावशीनं हाक मारली, "ए पोट्ट्या, धर मले!" दोन नातू धावले. दोन्ही खांद्यांवर भार देऊन मावशी उभी राहिली, पदर सावरला आणि सरांकडे वळली. "मार्क लिही. अन् हेही लिही, का मले उठवाले दोन नातू हायेत. तुह्या त्या डाक्तरच्या गावात म्हाताऱ्याइले कोनी नसंल, म्हनून मरत असतील बिचारे."

मग सगळेच उठले. टेकत, धरत, कण्हत, हसत. जाता जाता कोणीतरी खवचटपणे विचारलं, "सर, ज्याइची तेरवी खाल्ली त्याइले किती देल्ले होते?"

सरांनी वही चाळली. कंत्राटदारांपुढे मार्क होते साडेनऊ. आख्ख्या वहीतल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त. ताठ कणा, मोकळा खांदा, बसता-उठता बोट लावायची गरज नाही. गेले ते हार्टनं.

सरांनी वही मिटली. "हजारो लोकाइचा हिशेब एकट्या मानसाले लागत नसते," ते म्हणाले. त्या दिवसभरात त्यांनी सांगितलेलं हे सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य होतं, पण तोवर ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

पावणेदहा मग मिळाले कोणाला? वहीत ती नोंद एकच आहे. बाजाराच्या दिवशी मेळघाटातून कोरकू बाया खाली उतरतात. त्यातली एक, पन्नाशीतली, डोक्यावर भरलेलं टोपलं, एका हातात कोंबडी, बोलता बोलता चौक ओलांडून गेली. वाटेत खड्डा आला, कुत्रं आडवं आलं, रिक्षा अंगावर आली. तिचे पाय प्रत्येक वेळी वेगळे पडले. टोपलं कशालाच बधलं नाही. सर बाकावरून उठून उभे राहिले होते. नंतर त्यांनी शिष्याला विचारलं, तेव्हा कळलं की केनियातल्या किकुयू आणि लुओ बायांवर असा अभ्यास झालेला आहे, १९८६ साली छापून आलेला: स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं त्या डोक्यावर नेतात आणि रिकाम्या हातानं चालण्याहून जास्त ताकद त्यांना लागत नाही. नोंद अशी आहे: "कोरकू बाई. नेटकेपणा पावणेदहा. काम पावणेदहा. शिकवणारा कोण?" त्या बाईला निकाल अजून कळलेला नाही. कळला असता तर कोंबडीचा भाव वाढवला असता का, हे सांगता येत नाही.

घरी मात्र सरांची वही चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी काकूंना भाकर थापताना मार्क दिले होते, साडेसात, "डावा हात आळशी". काकूंनी परात पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "उजव्या हातानं तुमीच थापा." त्या दिवशी सरांनी जे काही थापलं त्याला गाईनंही तोंड लावलं नाही. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही ठेवून मगच आत जायचं, असा करार आहे. काकूंची स्वतःची पद्धत सोपी आहे. बाजारातून आल्यावर पिशवी बघायची. सगळं आणलं असेल तर पास. सर बहुतेक नापास होतात, कारण वाटेत कोणाची तरी चाल बघत उभे राहतात आणि कढीपत्ता राहून जातो.

खुद्द सरांचे मार्क किती, हा प्रश्न परतवाड्यात बरीच वर्षं लोंबकळत होता. तो टपरीवरच्या पोरानं सोडवला. त्यानं मोबाईलवर कुठेसं बघितलं, की म्हाताऱ्या माणसांसाठी एक चाचणी असते: खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १९९१ पासून दवाखान्यांत ही वापरतात. धडधाकट माणसाला दहा सेकंदांच्या आसपास पुरतात. बारा किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे का ते तपासावं, असं धरतात. पोरानं टपरीची प्लास्टिकची खुर्ची मांडली, फरशीवर कोळशानं रेघ मारली आणि म्हणाला, "सर, उठा. टाइम चालू."

सर उठले. काय उठले! हात न टेकता, कणा सरळ, नजर समोर. पाऊल टाच-चवडा, टाच-चवडा. रेघेपर्यंत गेले, डौलदार वळले, आणि तेवढ्यात समोरून गादीवाले शेठ येताना दिसले. सर थांबले. "शेठजी, पोट आत! खांदा! तो उजवा खांदा!" शेठनी खांदा नीट केला. सरांनी मान हलवली, परत आले, बसले.

"एकेचाळीस सेकंद," पोरानं जाहीर केलं. "सर, तुमी तं कवाचेच पडाले पायजे होते."

आता निकाल. सर मार्क देतात ते बहुतेक चुकीचे असतात, हे मी छातीठोकपणे सांगतो. हालचाल नेटकी दिसते की नाही आणि ती करणाऱ्याचं काम होतं की नाही, या दोन गोष्टी आहेत. त्यांची बेरीज करून एक आकडा काढता येत नाही. ज्यांनी या चाचण्या बसवल्या तेही हे जाणून असावेत, आणि सरांनाही रकाना आखल्यापासून ते समजलेलं आहे. पण मार्क द्यायचे म्हणून हा माणूस निदान बघतो तरी. बाकी आपण शेजाऱ्याची गाडी बदलली की तेवढं बघतो, त्याची चाल बदललेली आपल्याला दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात न्हाव्याचा उजवा हात चालताना हलेनासा झालाय, हे घरच्यांच्या आधी सरांनी वहीत लिहिलं आणि त्याला दटावून अमरावतीला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. औषध वेळेत सुरू झालं. त्या नोंदीपुढे मार्कच नाहीत.

तेव्हा वाचकहो, आज रात्री जेवण झाल्यावर जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठून बघा. पन्नाशी उलटली असेल तर शेजारी कोणाला तरी उभं करूनच. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर घाबरू नका, पण रोज थोडं चाला, उठा-बसा करा, दुखत असेल तर फिजिओला दाखवा. परतवाड्याला सरांकडे येऊ नका. ते तुम्हाला बरं करणार नाहीत, मार्क देतील.